भाजलं की आधी घड्याळ बघा: चुलीपासून वॉर्डापर्यंत कुठलं काम कधी

मी कोकणात किनाऱ्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात काम करतो. आमच्याकडे भाजून आलेल्या माणसाच्या जखमेवर आधी काय दिसतं सांगू? टूथपेस्ट. नाहीतर हळद, खोबरेल, चुन्याची निवळी, बटाट्याचा कीस, एकदा तर फाउंटन पेनची शाई. आणि बरोबर आलेली आजी सांगणार, "लावल्याबरोबर थंड पडला, आता बरा वाटता." बरं वाटतंय ते ठीक, पण पाणी किती वेळ ओतलं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

उपाय लोकांना माहीत नसतात असं नाही, चुकतो तो क्रम. आणि ही चूक फक्त घरी होते असं समजू नका, दवाखान्यातही होते. सलाईन कधीपासून मोजायचं, अंग किती टक्के भाजलं ते कसं काढायचं, पेशंट पुढे कधी पाठवायचा यात आम्हीच घोळ घालतो. म्हणून सगळं टप्प्याटप्प्याने लिहितोय. पहिले चार टप्पे कुणासाठीही, त्यापुढचे जास्त करून सिस्टर, सीएचओ (उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी) आणि नवीन मेडिकल ऑफिसरसाठी, पण घरच्यांनी वाचले तर बिघडत काही नाही, उलट दवाखान्यात काय चाललंय ते कळेल.

## तयारी: आज घरात काय ठेवायचं

फार काही लागत नाही. एक बादली आणि लोटा कायम भरलेला, कारण आपल्याकडे लाईट गेली की पंप बंद आणि मे महिन्यात विहिरीनं तळ गाठलेला असतो. दोनतीन जुनी सुती पातळं नाहीतर पंचे, धुऊन उन्हात वाळवून पिशवीत बांधून ठेवलेले. स्वयंपाकाच्या क्लिंग फिल्मचा एक रोल. पॅरासिटामॉल. आणि १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, कारण घाबरल्यावर पाठ असलेलंही आठवत नाही.

बोटीवर जाणाऱ्यांनी पिण्याच्या पाण्याचा एक कॅन यासाठी वेगळा ठेवा. इंजिनाच्या सायलेन्सरला हात लागणं आणि गॅसवरची कढई कलंडणं, हे दोन प्रकार बोटीवर नेहमीचे आणि किनारा तेव्हा दोन तास लांब असतो.

## टप्पा १: आग थांबवा, पण स्वतः पेटू नका

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. थांबा, खाली पडा, लोळा. दुसऱ्यानं पाणी ओतायचं किंवा जाड सुती गोधडी टाकून दाबायची. नायलॉनची साडी आणि गाऊन वितळून अंगाला चिकटतात, त्यामुळे आग विझल्यावरही पाणी चालू ठेवायचं.

भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी शेतात राब भाजायच्या दिवसांत एक प्रकार दरवर्षी बघतो. पालापाचोळा दमट असतो, पेटत नाही, मग कुणीतरी पेट्रोल शिंपडतं आणि काडी ओढतं. पेट्रोलची वाफ आधीच पसरलेली असते, ती एकदम भडकते आणि चेहरा, भुवया, हात सगळं एका सेकंदात भाजतं. राब भाजताना पेट्रोल नको, साडीचा पदर खोचलेला हवा, वाऱ्याकडे पाठ हवी आणि पाण्याची कळशी बांधावर हवी, घरात नको.

विजेचा शॉक असेल तर आधी मेन स्विच. तो मिळत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा, पण हे फक्त घरातल्या लाईनपुरतं. वादळात खांब पडून तारा रस्त्यावर आल्या असतील तर जवळ जायचंच नाही, महावितरणनं लाईन बंद केल्याची खात्री होईपर्यंत लांब थांबा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा आणि पुढच्या वर्षी तौक्तेच्या वेळी किनाऱ्यावर किती खांब आडवे झाले ते आपण बघितलंय. ओल्या जमिनीतूनही करंट येतो.

सावध: भाजला त्या क्षणी घड्याळ बघा आणि वेळ हातावर पेनानं लिहा. गंमत करत नाही. पुढचं प्रत्येक गणित याच वेळेपासून सुरू होतं, दवाखान्यात पोचल्याच्या वेळेपासून नाही.

## टप्पा २: वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं

साधं, प्यायच्या लायकीचं, नळाचं किंवा विहिरीचं पाणी. २० मिनिटं म्हणजे घड्याळ लावून २० मिनिटं. दोन मिनिटांत आग कमी वाटते, लोक थांबतात, इथेच पहिली चूक होते. वरून चटका थांबला तरी कातडीच्या आतली उष्णता खाली खाली जात असते, पाणी ती बाहेर काढतं. त्यामुळे जखम उथळ राहते आणि दुखतंही कमी.

उशीर झाला असेल तरी करा. भाजल्यापासून ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. म्हणजे कुणी टूथपेस्ट लावून दीड तासानं दवाखान्यात आला, तर आधी ते धुवायचं आणि मग तिथेच २० मिनिटं पाणी. सिस्टर, हे तुम्हालाही लागू, पेशंट दारात आला की थेट ड्रेसिंग ट्रॉलीकडे वळू नका.

नळ नसेल तर लोट्यानं सावकाश ओतत राहा. बोटीवर पाणी मोजकं असतं, तिथे ओला कपडा ठेवा आणि मिनिटा दोन मिनिटांनी परत भिजवून बदला.

बर्फ नको. आपल्याकडे जेटीवर बर्फ ढिगानं असतो, हात त्यात खुपसायचा मोह होतो. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, आधीच अर्धमेली झालेली कातडी पूर्ण मरते. मासळीच्या बर्फात तर घाणही आलीच.

हे चालू असतानाच अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ, कमरेचा करगोटा काढून घ्या. अर्ध्या तासात सूज आली की बांगडी कापावी लागते. हिरवा चुडा आहे, कसा काढायचा म्हणून थांबू नका, चुडा परत भरता येतो. भाजलेल्या भागावरचे कपडे काढा, चिकटलेला तुकडा मात्र ओढू नका, त्याच्या कडेनं कापा.

तपासा: लहान मूल किंवा मोठा भाग भाजलेला माणूस कुडकुडायला लागला का? लागला तर पाणी थांबवा. थंड करायची ती जखम, बाकीचं अंग चादरीत गुंडाळून उबदार ठेवायचं. पावसाळ्यात पडवीत उघड्यावर बसवून पोराला अंघोळच घातल्यासारखं करतात, ते चूक.

## टप्पा ३: काय लावायचं? काहीही नाही

क्लिंग फिल्मचा पहिला वेढा फेकून द्या, पुढचा भाग जखमेवर नुसता अंथरा. हाताभोवती गच्च गुंडाळू नका, सूज आली की आवळतं. चेहऱ्यावर लावू नका. फिल्म नसेल तर तो धुतलेला पंचा. झालं, एवढंच. झाकल्यावर हवा लागत नाही, त्यामुळे आग निम्मी होते, आणि फिल्म पारदर्शक असल्यानं डॉक्टरला न उघडता बघता येतं.

हळद, शाई, रंगीत मलम लावलं की जखमेचा मूळ रंगच दिसत नाही आणि खोली ठरवणं आमच्या हातातून जातं. तूप आणि खोबरेल उष्णता आत कोंडून ठेवतात. शेण आणि माती याबद्दल बोलायलाच नको, धनुर्वाताला आमंत्रण. कोरफड उथळ, फोड न आलेल्या चटक्यावर नंतर लावली तर हरकत नाही, पण परसातलं पान तोडून थेट फुटलेल्या फोडावर नको. केळीच्या पानाचं विचाराल, तर हो, काही बर्न युनिटमध्ये केळीचं पान ड्रेसिंग म्हणून खरंच वापरलं गेलंय, न चिकटणारं आणि स्वस्त म्हणून, पण ते निर्जंतुक करून. परसातून आणून झटकून लावलेलं पान वेगळं.

फोड घरी फोडू नका. सुई तापवून फोडला तरी नाही.

## टप्पा ४: पाणी, पण वेगळ्या पद्धतीनं: चुना, ॲसिड, काजू, डांबर

हे वेगळे धरले पाहिजेत कारण इथे क्रम बदलतो.

चुना आणि सिमेंट. कोरडी पावडर असेल तर आधी झटकून, ब्रशनं, कोरड्या फडक्यानं काढा, मगच भरपूर पाणी. आधी पाणी टाकलं की कळीचा चुना आणखी तापतो. गणपतीच्या आधी भिंती सारवताना, रंगवताना हे होतं. ओल्या सिमेंटचं त्याहून फसवं: दिवसभर चिऱ्याच्या बांधकामावर गुडघे टेकून काम करतात, दुखत काही नाही, रात्री घरी आल्यावर गुडघ्याची सालं निघालेली असतात.

डोळ्यात चुना गेला, म्हणजे पोरानं तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबली आणि पिचकारी डोळ्यात, तर दवाखान्याकडे पळायच्या आधी जागेवरच डोळा धुवायला घ्या. पापण्या बोटांनी उघड्या धरून कमीत कमी ३० मिनिटं पाणी, पापणीच्या आतले चुन्याचे कण ओल्या कापडाच्या टोकानं काढून. क्षार ॲसिडपेक्षा खोल जातो. रिक्षात घालून तासभर प्रवास केला आणि मग धुतला तर तोपर्यंत बुबुळ पांढरं व्हायला लागलेलं असतं.

ॲसिड. लगेच आणि खूप वेळ पाणी, अर्धा तास ते तासभर. लिंबू, सोडा लावून मारायचा प्रयत्न करू नका. आणि हे दवाखानावाल्यांसाठी: ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तीवर फुकट उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. आधी डिपॉझिट मागू नका.

काजू. बी फोडताना चीक लागून हात उततो, बिब्बा उतल्यासारखाच. तो तेलकट असतो, नुसत्या पाण्यानं जात नाही, साबण लावून दोनतीनदा धुवा, नखांखालूनही. तोच हात चेहऱ्याला आणि डोळ्याला लावायचा नाही. बिया भाजताना मात्र टरफलातलं तेल पेटून उडतं, तेव्हा दोन इजा एकदम होतात, तापल्यामुळे भाजणं आणि चिकामुळे उतणं. आधी २० मिनिटं पाणी, मग साबण.

डांबर. ओढून काढू नका. कातडी बरोबर येते. पाण्यानं थंड करा, घट्ट होऊ दे, नंतर दवाखान्यात पॅराफिन किंवा तेल लावून सावकाश सोडवतात. ताज्या भाजण्यावर तेल चालतं ते एवढ्याच ठिकाणी.

## टप्पा ५: दवाखान्यात आल्यावर आधी जखमेकडे बघू नका

कठीण आहे, कळतं, कारण जखम डोळ्यात भरते. पण माणूस पहिल्या तासात मरतो तो बहुतेक श्वासानं. आधी विचारा: बंद खोलीत होता का? आवाज घोगरा झालाय? नाकातले केस जळलेत, थुंकीत काजळी आहे, जिभेला सूज आहे, श्वास घेताना घरघर येतेय? यातलं काही असेल तर घशाची सूज वाढत जाणार आणि दोन तासांनी श्वासाची नळी घालायला जागाच राहणार नाही. भूलतज्ज्ञाला आत्ता बोलवा, नाहीतर आत्ता हलवा.

धुरात सापडलेल्याला मास्कनं पूर्ण ऑक्सिजन. पल्स ऑक्सिमीटर ९९ दाखवतोय म्हणून काढू नका, कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं.

मग नाडी, शुद्ध, दुसरी काही इजा. पेटलेला माणूस गच्चीवरून उडी मारतो, बोटीवर स्फोट झाला की डेकवर आपटतो, भाजण्याच्या नादात फुटलेली प्लीहा राहून जाते. आणि एक लक्षात ठेवा, नुसत्या भाजण्यानं पहिल्या अर्ध्या तासात बीपी पडत नाही. पडलं असेल तर रक्तस्राव शोधा.

विजेचा शॉक असेल तर ईसीजी, आणि लघवीचा रंग. कोकमाच्या आगळासारखी गडद लघवी म्हणजे आतले स्नायू शिजलेत. बाहेर दोन छोटे डाग दिसतात आणि आत पूर्ण हात गेलेला असतो, त्यामुळे शॉकच्या पेशंटला नुसत्या टक्क्यांवरून कधीही मोजू नका.

## टप्पा ६: टक्के काढा

मोठ्या माणसात नऊचा नियम: डोकं आणि मान ९, प्रत्येक हात ९, पुढचं धड १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८, जांघेचा भाग १. बेरीज १००.

पोरांचं डोकं मोठं आणि पाय छोटे. एक वर्षापर्यंत डोकं १८ आणि प्रत्येक पाय १४ धरा, पुढे दर वर्षाला डोक्यातून १ काढा आणि प्रत्येक पायात अर्धा घाला, दहाव्या वर्षी मोठ्या माणसाचं माप येतं. पेजेचं टोप ओढून घेतलेल्या दीड वर्षाच्या पोराला मोठ्यांचा तक्ता लावला तर चेहरा डोकं निम्म्यानं कमी मोजलं जातं. आणि पेज ही पाण्यापेक्षा वाईट, चिकटून बसते आणि तापत राहते.

इकडे तिकडे उडालेल्या शिंतोड्यांसाठी पेशंटचा स्वतःचा पंजा, बोटं जुळवून, साधारण १ टक्का. तुमचा पंजा नाही, पेशंटचा. ही चूक मी स्वतः इंटर्न असताना केली होती, दोन वर्षांच्या पोरीवर माझा हात ठेवून मोजत बसलो होतो.

सावध: नुसती लाली मोजायची नाही. उन्हानं करपल्यासारखं लाल, फोड नाही, दाबलं की पांढरं होऊन लगेच लाल, ते टक्क्यांत धरत नाहीत. रेफर होऊन जाणाऱ्या चिठ्ठ्यांवर टक्के फुगतात ते बहुतेक यामुळे.

खोली अशी बघा. गुलाबी, ओलसर, फोड, हात लावला की ओरडतो, दाबून सोडल्यावर रंग लगेच परत येतो: उथळ, दोन आठवड्यांत भरेल. गडद लाल पांढरे चट्टे, दाबल्यावर रंग सावकाश येतो किंवा येतच नाही, दुखणं कमी: खोल. पांढरं, मेणासारखं, तपकिरी चामड्यासारखं, टोचलं तरी कळत नाही: पूर्ण जाडीचं. दुखत नाही म्हणून नातेवाईक खूश असतात, तुम्ही होऊ नका.

पहिल्या दिवशीचा अंदाज पक्का नसतो. ४८ ते ७२ तासांनी परत बघायचं, उथळ वाटलेलं खोल निघू शकतं.

## टप्पा ७: सलाईनचं गणित

मोठ्यांत १५ टक्क्यांच्या वर, मुलांत १० च्या वर असेल तर शिरेतून. त्याखाली, शुद्धीत असेल आणि उलटी नसेल तर ओआरएस तोंडानं, थोडं थोडं. नुसतं पाणी पाजत बसू नका.

आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन वापरा. वजन गुणिले टक्के गुणिले २ मिली, हे आगीनं किंवा गरम पाण्यानं भाजलेल्या मोठ्या माणसासाठी २४ तासांचं. मुलांना ३, विजेला ४. जुन्या पद्धतीत सगळ्यांनाच ४ लावायचे, अजून बरेच जण लावतात, भांडत बसू नका, कारण आकडा फक्त सुरुवात करायला आहे, पुढे लघवी सांगते.

यातलं अर्धं पहिल्या ८ तासांत आणि उरलेलं पुढच्या १६ तासांत. ८ तास कधीपासून? भाजल्यापासून. इथे ती हातावर लिहिलेली वेळ कामाला येते.

उदाहरण घ्या. ६० किलोचा माणूस, २० टक्के, सकाळी ९ वाजता भाजला, तुमच्याकडे पोचला १२ ला. ६० गुणिले २० गुणिले २ म्हणजे २४०० मिली. अर्धं १२००, ते संध्याकाळी ५ पर्यंत जायला हवं. हातात ५ तास, म्हणजे तासाला २४० मिली. मिलीला २० थेंबांचा साधा सेट असेल तर मिनिटाला ८० थेंब. ५ नंतर उरलेलं १२०० पुढच्या १६ तासांत, तासाला ७५. वाटेत कुठल्या दवाखान्यात एक बाटली गेली असेल तर ती वजा करा. बरेच जण १२ पासून ८ तास मोजतात आणि पेशंट दुपारभर कोरडा राहतो.

पोराचं वेगळं: १० किलो, १२ टक्के असेल तर ३ गुणिले १० गुणिले १२ म्हणजे ३६० मिली आरएल, आणि त्याशिवाय रोजचं लागणारं पाणी, १० किलोला दिवसाला १००० मिली, साखर असलेलं. ते विसरलं की लहान पोराची शुगर पडते आणि ते सुस्त पडलंय ते भाजण्यानं असं आपल्याला वाटत राहतं.

कॅथेटर घाला आणि दर तासाला लघवी मोजा. मोठ्यांत किलोमागे अर्धा मिली, म्हणजे या माणसाला ३० च्या आसपास. मुलांत किलोमागे १ मिली. गडद लघवीच्या शॉक पेशंटला मोठ्यात तासाला १०० पर्यंत न्या. कमी येत असेल तर थेंब वाढवा, जास्त येत असेल तर कमी करा. जास्त सलाईनही मारतं, फुप्फुसात पाणी, हातपाय फुगून आवळणं.

तपासा: हात, पाय किंवा छाती चहूबाजूंनी गोल भाजलीय का? बोटं थंड पडली, मुंग्या आल्या, नाडी लागेना, किंवा छाती उचलेना, तर कडक कातडी चिरून मोकळी करावी लागते. फोन करा, वाट बघत बसू नका. हात उंच ठेवा.

## टप्पा ८: दुखणं, इंजेक्शनं, आणि काय द्यायचं नाही

दुखण्याला कंजूषपणा नको. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलीग्राम, मोठ्या भाजण्यात शिरेतून मॉर्फिन थोडं थोडं करून. दंडात स्नायूमधून देऊ नका, आधी शोषलं जात नाही म्हणून तुम्ही परत देता आणि रक्ताभिसरण सुधारलं की सगळं एकदम चढतं. मोठ्या भाजण्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, किडनी आधीच ताणात असते.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा.

अँटिबायोटिक? भाजल्याबरोबर नको. इन्फेक्शन दिसलं तर द्या. आमच्याकडे हा आग्रह नातेवाईकांचा असतो, "काहीतरी भारी गोळी द्या ना", आणि आपण देतो. नुसतं बचावापुरतं दिलेलं औषध जंतू निर्ढावलेले करतं.

पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम पुढे पाठवायच्या पेशंटला लावू नका, खोली दिसत नाही, तिकडचा सर्जन अर्धा तास ते पुसण्यात घालवतो. चेहऱ्यावर नको, गरोदर बाईला नको, दोन महिन्यांखालच्या बाळाला नको, सल्फाची ॲलर्जी असेल तर नको.

## टप्पा ९: ठेवायचा की पाठवायचा

पाठवा: मोठ्यात १० टक्क्यांच्या वर, मुलात ५ च्या वर. चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग, सांध्यावरचं. पूर्ण जाडीचं. वीज, केमिकल, धूर. गोल भाजलेलं. गरोदर, म्हातारं, तान्हं, डायबेटिस. शंका आली तरी.

कुठे पाठवायचं हे रस्त्यावर ठरतं. रायगडकरांना मुंबई आणि ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, सिंधुदुर्गच्या खालच्या टोकाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ, रत्नागिरी मधल्या मध्ये, कोल्हापूरला जायचं तर घाट चढायचा. आधी फोन करून बेड आहे का विचारा. पावसात घाट बंद असतो, तेही विचारा. घशात सूज असेल तर नळी घालूनच घाटात शिरा, वाटेत काही करता येत नाही.

चिठ्ठीवर एवढं हवंच: भाजल्याची वेळ, कशानं, टक्के चित्रासकट, किती सलाईन किती वाजेपर्यंत, तासाची लघवी, कुठलं इंजेक्शन कधी. फोटो काढून व्हॉट्सॲपनं पाठवा, मलमाच्या आधीचा.

आणि एक गोष्ट जी चिठ्ठीत येत नाही. तरुण बाई "स्टोव्हचा भडका झाला" म्हणून आली तर तिच्याशी एकटीशी बोला, सासरचं कुणी खोलीत नको. एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करा, शुद्धीत आहे का ते नोंदवा. पोराच्या दोन्ही पायांना मोज्यासारखी सरळ रेषेत भाजलेली कडा असेल तर ते पोर पाण्यात पडलेलं नाही, बुडवलेलं आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण न लिहिता राहवतही नाही.

## टप्पा १०: घरी ठेवलेल्या छोट्या जखमेचं पुढे

सलाईननं किंवा स्वच्छ पाण्यानं धुवा, फुटलेल्या फोडाची सुटी कातडी काढा, छोटे न फुटलेले फोड तसेच राहू द्या. पॅराफिन गॉझ, वर जाड गॉझ, वर बँडेज. बोटं वेगवेगळी गुंडाळायची, एकत्र मूठ बांधलेली नको, नाहीतर बोटं एकमेकांना चिकटून भरतात. ४८ तासांनी उघडून बघा, पुढे दोनतीन दिवसांनी. रोज ओरबाडून ड्रेसिंग बदलण्यात नवीन आलेली कातडीच निघते. चिकटलं असेल तर भिजवून काढा.

ताप, वास, वाढतं दुखणं, लाली पसरणं: परत या. लहान पोराला छोटीशीच जखम आहे पण ताप, जुलाब, अंगावर पुरळ, मलूल, तर त्याच दिवशी पाठवा, जखम चांगली दिसतेय म्हणून थांबू नका.

आता पथ्य. मासे खाल्ले की पू धरतो, अंडं उष्ण, भात बंद, असं म्हणत भाजलेल्या माणसाला चार दिवस नुसत्या पेजेवर ठेवतात, तेही किनाऱ्यावर, जिथे दारात बांगडा मिळतो. कातडी प्रोटीननं बनते. मासे, अंडी, डाळ, कुळथाची पिठी, दूध, सगळं द्या, नेहमीपेक्षा जास्त द्या.

दोन आठवड्यांत भरलं नाही तर सर्जनला दाखवा. तीन आठवड्यांच्या पुढे गेलेल्या जखमेचा व्रण जाड आणि उंच होतो. भरल्यानंतर कातडी कोरडी पडते, खाज सुटते, तेव्हा खुशाल खोबरेल लावून हलक्या हातानं चोळा, आता त्याची वेळ आहे. उन्हापासून वर्षभर झाका.

मान भाजली असेल तर उशी काढून टाका, मान मागे पडलेली राहू दे. काख भाजली तर हात अंगापासून लांब ठेवून झोपवा. कोपर सरळ, गुडघा सरळ, गुडघ्याखाली गोधडी घालून तो वाकवून ठेवायचा नाही. दुमडून ठेवलं की बरं वाटतं आणि तसंच आखडून भरतं, मग ऑपरेशनशिवाय सुटत नाही. पोराचा तळवा भाजला असेल तर रात्री बोटं उघडी ताठ राहतील अशी पट्टी लावा आणि दिवसा ती सोडून चेंडू द्या हातात, खेळू दे.